मितबांचं आवतण

आमचे बा गुराँसचं नाव घेत नाहीत. चुकूनसुद्धा नाही. आणि आम्ही राहतो कुठे, तर बर्सेच्या जंगलाखाली. चैत लागला की इथला अख्खा डोंगर गुराँसच्या फुलांनी लाल होतो आणि ते बघायला कुठून कुठून लोक येतात. कोलकात्याचा एखादा माणूस माकडटोपी घालून आमच्या अंगणात येतो, विचारतो, "दादा, फुलं आहेत का अजून?" बा म्हणतात, "आहेत. वर आहेत ते." ते. आदराने. मग तो माणूस माझ्याकडे बघतो. मी म्हणतो, चला, दाखवतो.

कारण असं, की गुराँस बांचा मित आहे. आणि मिताचं नाव घ्यायचं नसतं.

बा लहानपणी सारखे आजारी असायचे. त्यांच्या आधीची दोन भावंडं गेलेली. तेव्हा हे जंगल सरकारने राखलेलं नव्हतं, वरच्या खर्कात, म्हणजे डोंगरावरच्या कुरणात, आमच्या आजोबांचा गोठा होता, गाई होत्या, उन्हाळाभर सगळे तिकडेच. झाँक्रीने अंगात आणून सांगितलं, या पोराला असा मित करून द्या जो याच्याआधी मरणार नाही. आता त्या खर्कात माणूस कुठून आणायचा? आजोबांनी पोराला गोठ्याशेजारच्या गुराँसखाली बसवलं, दोघांना टिका लावला, दोघांपुढे सुपारी ठेवली, पोराची टोपी फांदीला बांधली आणि झाडाचं फूल पोराच्या डोक्यावर ठेवलं. झाडाकडचं बोलणं आजोबांनीच केलं. झाले मित. त्या दिवसापासून ताप आला नाही, असं बा सांगतात. आमची आई, आमा, म्हणते, औषध सोम्बारेच्या कंपाउंडरचं होतं.

पण मित म्हणजे मित. सख्ख्या भावासारखा. घरात लग्न निघालं की पहिलं आवतण मितबांना. बा स्वतः वर जायचे, बुंध्याला दही-तांदळाचा टिका लावायचे, सुपारी ठेवायचे, खाली पडलेलं एक फूल घेऊन यायचे. आणि मित गेला तर भाऊ गेल्याचं सुतक. वर्षभर घरात मंगल काही करायचं नाही.

यंदा बांचे गुडघे गेले. जिना उतरताना भिंतीला धरतात. म्हणून मला म्हणाले, "कान्छा, तू जा."

"मी रोजच जातो वर," मी म्हटलं.

"तू गिऱ्हाइकं घेऊन जातोस. हे वेगळं."

खरं सांगतो, मला उठवत नव्हतं. चैत म्हणजे माझा सीझन. सकाळी हिलेला पहिल्या जीपबरोबर पोचायचं, माणसं घ्यायची, बर्सेपर्यंत चालवायची, फोटो काढून द्यायचे, परत आणायची, परत न्यायची. कांचनजंगा कधी दिसणार, चहा कुठे मिळणार, रेड पांडा दिसतो का. हसून हसून गाल दुखतात. रात्री झोपेतसुद्धा म्हणत असतो, इकडून या, घसरतं.

पण बिपना दिदी म्हणाली, "मी पण येते. माझंच लग्न आहे, मीच आवतण देते."

दिदीचं लग्न म्हणजे काय झालंय ते सांगितलं पाहिजे.

चार वर्षांपूर्वी टेकेन्द्रशी ठरलं. तारीख निघाली आणि आमची बोजू गेली. बांची आई. एक वर्ष थांबले. बरखी, म्हणजे वर्षश्राद्ध, झाली, पुन्हा तारीख काढली, पत्रिका छापायला टाकल्या, आणि जोरथाङच्या रस्त्यावर आमचे काका गेले. काकांना मुलगा नाही, अग्नी बांनी दिला, वर्ष बांनी धरलं. पुन्हा थांबले. मग टेकेन्द्रलाच सुट्टी मिळेना. तो कुवेतच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात आहे. सुट्टी मिळते ती मालकाच्या मर्जीने. यंदा बैशाखात मिळाली. त्याच्या आईने निरोप धाडला, ही शेवटची तारीख. पुढच्या वेळी माझा मुलगा दुसऱ्या घरी टिका लावून घेईल. शिवाय गावभर सांगत फिरते, "बस्नेतांच्या घरात लग्न निघालं की कुणीतरी मरतं."

राग येतो. पण खोटं आहे असं म्हणता येत नाही.

दिदी बत्तीस वर्षांची आहे. पोरांना पाढे शिकवते. दोनदा घेतलेल्या लग्नाच्या साड्या तिने धाकट्या मामेबहिणींना देऊन टाकल्या. यंदा तिसरी साडी तिने आणलेलीच नव्हती. म्हणाली, आदल्या दिवशी आणू.

तर निघालो. दिदीच्या पिशवीत दही, तांदूळ, सुपारी. मंगळवार होता, गर्दी कमी.

हिलेच्या गेटवर पेम्पा होता. वनखात्याचा गार्ड. दिदीच्या वर्गात होता लहानपणी.

"काय कान्छा, आज घरचीच गिऱ्हाइकं? तिकीट लागेल हां. नवरी आहे, डबल लागेल."

"पेम्पा, तोंड बंद कर आणि गेट उघड," दिदी म्हणाली.

"मला आवतण?"

"आधी मितबांना. मग तुला."

"म्हणजे माझा नंबर झाडानंतर?"

"झाड तुझ्यापेक्षा कमी बोलतं."

पेम्पा हसत हसत गेट उघडायला गेला. म्हणाला, "त्या वरच्या खर्काकडे आमची फेरीच नाही झाली हिवाळ्यानंतर. वाट असेल-नसेल, बघून जा."

बर्सेची वाट सोपी आहे. दोन्ही बाजूंना गुराँस, खाली पायाशी सडा. लोक सड्यात झोपून फोटो काढत होते. दिदी गप्प चालत होती. मधेच म्हणायची, मंडपाच्या बांबूंचं झालं का. मधेच म्हणायची, टेकेन्द्रच्या मावशीला मटण चालत नाही, आमाला सांगायचं राहिलं. तिला फुलं दिसत होती की नाही कुणास ठाऊक. मलाही दिसत नाहीत. रोजचीच.

पुढे मुख्य वाट सोडली. जनावरं वर नेणं बंद झालं तेव्हापासून खर्क खर्क राहिलेलं नाही. मालिंगो, म्हणजे बारीक बांबू, डोक्यावर गेलाय. हाताने बाजूला करत जायचं, दव मानेवरून आत उतरतं. मी पुढे, दिदी मागे. तिने दोनदा विचारलं, "बरोबर चाललोय ना?" मी दोनदा हो म्हटलं. मनात शंका होती, पण गाईडला हो म्हणायची सवय लागते.

गोठ्याचे दगड सापडले. शेवाळाखाली गेलेले. मग मी वर बघितलं आणि मला वाटलं, चुकलो. कारण तिथे आभाळ फार होतं.

मितबा पडले होते.

मुळासकट. मुळं एका बाजूला उभी, लाल मातीचे गोळे धरून, आणि मागे खड्डा, त्यात पाणी साचलेलं. दोन माणसांनी मिळून कवेत घ्यावा तो बुंधा उतारावर आडवा. आणि त्यावर फुलं. सगळ्या फांद्यांना. जी फुलं मी जन्मभर मान वर करून बघितली, ती माझ्या गुडघ्याशी होती.



"आजारी आहेत की गेले?" दिदीने विचारलं.

"गेले."

"फुलं आहेत की."

"ती आतल्या पाण्यावर आहेत, दिदी. फांदी तोडून आणली तरी घरात फुलते ना, तसं. मुळं बघ. एकही आत नाही."

तिने मुळांपाशी जाऊन बघितलं. वाकून, हात घालून. एखादं तरी मूळ मातीत असेल म्हणून चाचपत राहिली. मी तिला थांबवलं नाही.

"कधी?"

"फागुनात गारा पडल्या ना, त्या वादळात असणार."

ती बुंध्यावर बसली. लगेच उठली. मितबांवर कसं बसायचं? मग खाली ओल्या गवतातच बसली. मीही बसलो. 

"कान्छा," ती म्हणाली, "मला रडू येत नाहीये."

"नको रडू."

"बोजू गेली तेव्हा खूप रडले. काका गेले तेव्हा रडले, पण त्यातलं थोडं माझ्यासाठी होतं. मलाच कळत होतं आणि लाज वाटत होती. आणि आता बघ. बांच्या जन्माचा सोबती पडलाय समोर, आणि माझ्या डोक्यात काय, तर मंडपवाल्याला नको म्हणून सांगावं लागेल. कसली बाई झालेय मी?"

"दमलेली."

"हो. दमले रे."

तेवढ्यात धुकं आलं. इथे ते कधीही येतं, विचारत नाही. दोन हातांवरची फांदीसुद्धा पुसट झाली.

मी जे म्हटलं ते मीच म्हटलं, दिदीने नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर सगळे तिला बोलले.

"सांगायचं नाही," मी म्हटलं.

"काय?"

"बांना सांगायचं नाही. लग्न होईपर्यंत. सुतक ऐकल्यावर लागतं. कानावर आलंच नाही तर लागत नाही. खड्काच्या घरी नाही का, मुलगा सौदीत वारला आणि पोरीची पाठवणी झाल्यावर सांगितलं."

"मी तर डोळ्यांनी बघतेय."

"मित बांचे. आधी बांना लागायला हवं, मग आपल्याला."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मला वाटतं."

"तुला वाटतं!" ती पहिल्यांदा हसली. वाईट हसली. "आणि बांनी विचारलं तर? प्रत्येक वेळी विचारतात. वरून कुणीही आलं की पहिला प्रश्न, काय म्हणाले मितज्यू?"

"मी बोलीन."

"खोटं बोलता येतं तुला?"

"रोज बोलतो. काल चाळीस माणसांना सांगितलं, उद्या धुकं नसणार."

तिने पिशवीतून दह्याचा डबा काढला, तांदूळ कालवले. मी म्हटलं, "आता कशाला?"

"आवतण द्यायला आलेय ना? मग देते."

बा ज्या ठिकाणी टिका लावायचे तिथे सालीवर पांढरट डाग पडला होता, वर्षानुवर्षांचा. तो भाग आता खाली गेला होता, जमिनीकडे. दिदी पोटावर झोपली. बुंध्याखाली हात घातला, खांद्यापर्यंत, गाल मातीला टेकला. चाचपत चाचपत टिका लावला. सुपारी आत सरकवली. मग तशीच पडल्या पडल्या म्हणाली,

"मितबा, बिपना. बैशाखात माझं लग्न आहे. बांचे गुडघे गेलेत म्हणून मी आले, राग धरू नका." मग थांबली. मान वळवून मला विचारलं, "या म्हणू की नको म्हणू?"

मला काय माहीत?

"या," ती म्हणाली.

बा नेहमी पडलेलं फूलच आणतात, तोडत नाहीत. आम्हाला फांदीपासून खरोखर सुटलेलं असं एक शोधावं लागलं. मिळालं.

उतरताना मी खोटं पाठ केलं. मितबा ठीक आहेत, फुलं भरपूर आहेत, म्हणाले पोरीला सुखी ठेव. दिदीला म्हणून दाखवलं. म्हणाली, "भरपूर म्हणू नकोस. बा कधी भरपूर म्हणत नाहीत त्यांना. लोकांची दृष्ट लागते." ठीक. भरपूर काढलं.

घरी पोचलो तेव्हा बा अंगणात मंडपासाठी बांबूच्या चोया काढत होते. कोयता हातात. त्यांनी आमच्याकडे बघितलं. माझ्याकडे, मग दिदीकडे. दिदीच्या एका बाहीला खांद्यापर्यंत लाल माती होती, आणि गालालाही. एवढं पाठांतर केलं, पण गाल पुसायचं दोघांनाही सुचलं नाही. उभ्या झाडाला टिका लावताना गालाला माती लागत नाही.

दिदीने फूल पुढे केलं. बांनी ओंजळीत घेतलं. बराच वेळ बघितलं. मी वाट बघत होतो, आता विचारतील, काय म्हणाले.

विचारलं नाही.

मग मीच सुरू केलं, "बा, मितबा..."

"कान्छा, बकऱ्या आत घाल," बा म्हणाले. "पाऊस येईल."

पाऊस नव्हता. मी बकऱ्या आत घातल्या. परत आलो. "बा, वर गेलो तर..."

"आमाला लाकडं हवीत."

लाकडं दिली. पुन्हा आलो. बांनी कोयता खाली ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "तुला आजच्या दिवसात खूप बोलायचं आहे, असं दिसतं. माझे कान दुखतायत. लग्नानंतर बोल."

मला वाटलं होतं, खरं लपवणं अवघड जाईल. मी खोटं तयार ठेवलं होतं, आणि बांनी तेसुद्धा ऐकून घेतलं नाही.

तेव्हापासून घरात तो विषय म्हणजे तापलेलं भांडं. सगळे बाजूने जायचे. आमाला दिदीने सांगितलं असणार, कारण आमा एकदम कामाला लागली आणि बोलायची थांबली. आमा बोलायची थांबते म्हणजे काहीतरी आहे. बा जेवायचे, हसायचे, मंडप घालणाऱ्यांना शिव्या घालायचे. फक्त संध्याकाळी डोंगराकडे पाठ करून बसायचे. आधी तोंड करून बसायचे. बाकी काही नाही. मला मात्र रात्री झोप लागेना. दिवसभर डोंगर चढायचा, रात्री आढ्याकडे बघायचं.

लग्नाच्या आठवडाभर आधी टेकेन्द्रची आई आली. सम्धिनी, म्हणजे विहीण, होणार म्हणून आमाने सेल, तांदळाच्या पिठाच्या गोड गोल रोट्या, तळल्या होत्या, ताटभर. सम्धिनींनी बसल्या बसल्या सगळं विचारून घेतलं. बकरे किती, बँडबाजा आहे का, पुरेत कोण. मग गालात हसून म्हणाल्या, "आणि तुमच्या मितज्यूंना दिलं का आवतण? येणार आहेत का? आमच्या गाडीत जागा ठेवू का?"

सगळे हसले. म्हणजे आम्ही हसल्यासारखं केलं.

बा म्हणाले, "आवतण पोचलं."

एवढंच. खोटं नाही त्यात काही. मी मनात म्हटलं, बा, तुम्ही माझ्यापेक्षा चांगले गाईड झाला असतात.

आणि नेमका तेव्हा पेम्पा आला. वर्दीत. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली. त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं, त्याची वरच्या खर्काची फेरी झाली. तो सरळ बांसमोर जाऊन उभा राहिला.

"बाजे," तो म्हणाला, "मला फार वाईट वाटलं..."

दिदी उठली. ताटातली सेल उचलली आणि त्याच्या तोंडात कोंबली. खरंच कोंबली. अर्धी बाहेर.

"कशाचं वाईट वाटलं?" सम्धिनींनी विचारलं. हसणं गेलं होतं.

पेम्पाने दिदीकडे बघितलं. दिदीचे डोळे बघितले असते तर बैलसुद्धा गप्प झाला असता. तो तोंडातलं कसंबसं चावत म्हणाला, "बिपना जाणार, याचं."

"अगं बाई!" सम्धिनी म्हणाल्या. "मग चार वर्षं काय करत होतास रे? गेट उघडत होतास?"

या वेळी सगळे खरोखर हसले. पेम्पा लाल झाला. बासुद्धा हसले. हसता हसता उठले, भिंतीला धरून मागच्या बाजूला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आमाने मला डोळ्याने खुणावलं, जाऊ नको.

लग्न झालं.

त्याबद्दल काय सांगू, सगळ्यांची होतात तशीच. आदल्या दिवशी जोरथाङहून साडी आणली, ब्लाउज सैल झाला, पिना लावल्या. बांनी दिदीचे पाय धुतले, कन्यादान केलं. गुडघे वाकत नव्हते म्हणून पाटावर पाट ठेवून बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. वाटत होतं, आता कुणीतरी येईल, मोठ्याने बोलेल, आणि सगळं थांबेल. कुणी बोललं नाही. अर्ध्या गावाला माहीत होतं तोवर. पेम्पा कुणाला सांगणार नाही म्हणाला होता, म्हणजे सगळ्यांना सांगितलं होतं. पण कुणी बोललं नाही. बोलायला येत होता एक म्हातारा, त्याला बायकोने मंडपातून ओढून नेलं.

दिदी गाडीत बसली तेव्हा रडली नाही. सम्धिनींना ते खटकलं. मला माहीत होतं, गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती श्वास धरून होती.

त्या रात्री जो जिथे होता तिथे झोपला. मी मंडपात, पातेल्यांच्या शेजारी.

सकाळी कुणीतरी पायाने हलवलं. बा होते. नळाखाली डोकं भिजवून आले होते, पाणी मानेवरून गळत होतं. हातात वस्तरा.

"ऊठ. डोकं कर माझं."

मी उठून बसलो.

"थांब. आधी सांग," बा म्हणाले. "आता सांग."

मी वस्तरा त्यांच्या हातातून घेतला. म्हटलं, "बा, मितबा गेले."

"कधी?"

"फागुनात. वादळात."

"बरं," बा म्हणाले. आणि माझ्यासमोर मान खाली घालून बसले.

मी त्यांचं डोकं केलं. दोनदा कापलं. 

मग मी पुरेत बाजेंना, म्हणजे भटजींना, फोन लावून दिला. झाडाचं किती दिवस धरायचं? पलीकडून बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज. मग म्हणाले, "बस्नेतज्यू, यात काही दिलेलं नाही. तीन दिवस करा, पुष्कळ झालं."

"भाऊ आहे तो माझा," बा म्हणाले, आणि फोन मला परत दिला. कसा बंद करायचा ते त्यांना येत नाही. पलीकडून बाजे हॅलो हॅलो करत राहिले.

तर तेरा दिवस. अंगणाच्या कोपऱ्यात गवताची चटई, पांढरं धोतर, एक वेळ स्वतःच्या हाताने शिजवलेला आळणी भात. कुणी शिवायचं नाही. आमा चिडली होती. "चार पातेली मटण उरलंय, घर पाहुण्यांनी भरलंय, आणि हे बसलेत आळणी खात." असं म्हणत म्हणत तिने त्यांच्या चुलीपाशी सुकं लाकूड रचून ठेवलं. वर्षभर आता आमच्याकडे दसैं नाही, तिहार नाही, कुठलाच सण नाही. हे असं तिसरं वर्ष. आमाला नवीन पातळ नको असतं, पण टिका हवा असतो.

चौथ्या दिवशी दिदी आणि टेकेन्द्र आले. लग्नानंतर नवरी नवऱ्याला घेऊन माहेरी येते, तसे. त्यांना आम्ही कळवलं नव्हतं. कसं कळवायचं, हेच ठरत नव्हतं. गाडीतून उतरले तेव्हा टेकेन्द्रच्या हातात दह्याची मडकी, फळांची पिशवी, नवा कोट. सरळ बांसमोर येऊन वाकला, टिका घ्यायला.

बांनी हात जोडले. "मला लावता येत नाही, ज्वाइँ."

टेकेन्द्र वाकलेलाच राहिला. मग त्याने मुंडलेलं डोकं बघितलं, धोतर बघितलं. "कोण गेलं?"

 मी आमाकडे बघितलं, आमाने चुलीकडे.

"माझे मितबा," दिदी म्हणाली. "वरचं झाड. चैतापासून माहीत होतं मला. लग्नाच्या आधीपासून."

टेकेन्द्रने मडकी खाली ठेवली. तो तसा शांत माणूस आहे. फार बोलत नाही, कुवेतमध्ये बोलायला कुणी नसतं म्हणतो. एवढंच म्हणाला, "आईला काय सांगू?"

"हेच."

"ती म्हणेल, लपवलं."

मी मधे पडलो. "दाजू, मी म्हटलं होतं सांगू नको म्हणून. दिदी नाही."

"तू गप्प बस," दिदी म्हणाली. "लपवलंच मी. म्हण, माझ्या बायकोने लपवलं. म्हण, दमली होती. आता कुणापासून काही लपवायची ताकद नाही राहिली माझ्यात. तुला चालत नसेल तर आत्ताच बोल. सामान गाडीतच आहे."

हे ती अशा आवाजात म्हणाली, जसं कुणी विचारतं, चहात साखर घालू का.

टेकेन्द्र पायरीवर बसला. नवा कोट काढून मांडीवर घेतला. "चार वर्षं आईची बोलणी फोनवर खातोय," तो म्हणाला. "अजून एक वर्ष खाईन. ती बोलेल मात्र. मला सांगून ठेवायचं होतं."

"बोलू दे."

"आणि मला आळणी नको हां कुणी वाढू. हॉटेलचं खाऊन जीभ मेलीय माझी."

आमा तोंडावर पदर घेऊन आत गेली. हसत होती की काय, कळलं नाही. लगेच ताटाचा आवाज आला.

दिदी बांच्या चटईपासून हातभर अंतर ठेवून खाली बसली. ती आता टेकेन्द्रच्या, थापांच्या घरची, तिला आमचं सुतक नाही, शिवाशिव चालणार नाही.

"सांग," बा म्हणाले. "कान्छाने नुसतं गेले म्हणून सांगितलं. नीट सांग."

तिने सांगितलं. कुठल्या अंगाला पडलेत, मुळं कशी वर आलीत, खड्ड्यात पाणी किती. फुलं होती हे सांगितलं. किती, ते बांनी विचारलं नाही. टिका कुठे लावला विचारलं.

"तिथेच. बुंध्याखालून हात घालून."

"पोचला हात?"

"पोचला."

बांनी मान हलवली. डोळे मिटलेले. "अजून सांग," म्हणाले. "वाट कशी होती. गोठ्याचे दगड आहेत का."

दिदी सांगत होती, मालिंगो केवढा वाढलाय, दव कसं मानेत शिरलं, कान्छा वाट चुकला होता पण कबूल करत नव्हता. सांगता सांगता तिचे शब्द लांबायला लागले. मधे एकदा थांबली, मला वाटलं आठवतेय. खांबाला डोकं टेकलं होतं तिने. तोंड थोडं उघडं. झोपली होती.

बांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. दुपार कलली होती, डोंगरावरून गार वारा सुटला होता आणि तिच्या अंगावर ती नवी पातळ साडी. बांनी आपल्या खांद्यावरचं घोंगडं काढलं, अर्धं पुढे केलं, आणि त्यांना आठवलं, शिवता येत नाही. हात तसाच राहिला.

"कान्छा," ते हळूच म्हणाले, "आतून काहीतरी आण. हिच्या अंगावर घाल."